मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके

आमच्या मंडळ्यांतील शाळकरी मुलांस अमेरिकेच्या इतिहासाची मोठी गोडी आहे. लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मून राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहाम लिंकन, गुलामांची मुक्तता, आणि पश्चिमेकडील अरण्यांत तेथील मूळ रहिवाशांनी गोऱ्या वसाहतवाल्यांशी दिलेल्या लढाया, ह्यांविषयीच्या गोष्टी ती आवडीने वाचतात व एकमेकांस सांगतात. हे चांगलेच आहे. परंतु ज्या वर्षांत त्या गोष्टी तिकडे घडत होत्या, त्याच वर्षांत आपल्या प्राणहिता नदीच्या काठी तशीच एक गोष्ट घडली. तिच्या नायकाचे नाव चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत लहानमोठ्या सर्वांच्या तोंडी असले, तरी त्यांचे चरित्र आरंभापासून शेवटापर्यंत सांगू शकतील असे थोडेच आढळतात. म्हणून आज आम्ही बाबूराव पुल्लेसूर शेडमाके ह्यांचे चरित्र मुलांकरिता, आणि मुलांस ते समजावून सांगणाऱ्या उपदेशकांकरिता, थोडक्यात देत आहो.

प्रथम मुलखाची स्थिती सांगणे अवश्य आहे. चांद्याचे राज्य पुष्कळ शतके गोंड राजांचे होते. इ. स. १७५१ च्या सुमारास ते नागपूरकर भोसल्यांनी घेतले आणि शेवटचे गोंड राजे नीळकंठशहा ह्यांस बल्लारपुरास कैदेत ठेविले. तरीही दाट रानातील जमीनदाऱ्या बहुतेक गोंड घराण्यांकडेच राहिल्या. ह्यांपैकी सर्वांत मोठी अहेरीची होती, व तिच्या हाताखाली लहान लहान जमीनदार आपापली गावे सांभाळीत. राजधानी कोणाचीही असो, रानातील माणसाच्या दिवसाच्या क्रमात तेणेकरून फारसा फरक पडत नसे. मोहफुले वेचावी, बांबू तोडावा, डोंगरउतारावर शेत करावे, आणि तंटा झाल्यास गावच्या पंचांपुढे बसावे, हा पूर्वजांपासूनचा रिवाज चालूच होता.

इ. स. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्यांनी दत्तक वारस मान्य न करिता इ. स. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारच्या मुलखास जोडले. चांद्यास डेप्युटी कमिशनर आले, आणि त्यांच्यामागून जमाबंदी, कचेऱ्या, पोलीस व नवे कायदे आले. पुढे तारायंत्राचे खांब रोवण्याकरिताही माणसे रानात शिरू लागली. जो कारभार आजपर्यंत तोंडी व ओळखीने चाले, तो आता कागदावर व परक्या भाषेत चालू लागला. कोणत्या कागदाने आपले काय जाईल हे रानातील माणसास कळेना, आणि कोणापाशी जाऊन विचारावे हेही त्यास कळेना.

बाबूरावांचा जन्म ता. १२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातील किष्टापूर येथे झाला. त्यांचे वडील पुल्लेसूरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार होते, व आईचे नाव जुर्जाकुंवर असे होते. लहानपणी गोटुलात राहून त्यांनी गोंडी गाणी, नाच, तिरंदाजी व आपल्या लोकांचे रीतिरिवाज आत्मसात केले, आणि पुढे वडिलांनी त्यांस रायपुरास इंग्रजी शिकण्याकरिता पाठविले, असे सांगण्यात येते. एवढ्या लांबच्या शाळेत जाणे हे त्या काळच्या रानातील मुलाच्या स्वप्नातही येण्याजोगे नव्हते. शिक्षण आटोपून ते मोलमपल्लीस परतले, त्यांचा विवाह राजकुंवर ह्यांच्याशी झाला, आणि ते जमीनदारीचे काम पाहू लागले.

ह्या ठिकाणी आम्ही मुलांस क्षणभर थांबावयास सांगतो. बाबूराव हे गोटुलातही वाढले होते आणि इंग्रजी शाळेतही. रानातील माणसाच्या मनात काय आहे हे त्यांस ठाऊक होते, आणि कचेरीतील साहेब कोणत्या रीतीने विचार करितात ह्याचीही त्यांस ओळख होती. अशा मनुष्यास दोन तीरांमधील नाव म्हणता येईल. चांद्याच्या कचेरीने ह्या नावेत बसून पलीकडच्या तीरावरील लोकांचे गाऱ्हाणे वेळीच ऐकून घेतले असते, तर पुढे जे झाले ते कदाचित झाले नसते. परंतु तसे घडले नाही.

इ. स. १८५७ च्या मे महिन्यात मेरठेस शिपायांनी बंड केले व उत्तर हिंदुस्थान पेटला. त्याच वर्षी ता. २४ सप्टेंबर रोजी बाबूरावांनी आसपासच्या परगण्यांतील सुमारे ५०० तरुण गोळा करून जंगोम सेना उभी केली. गोंडी भाषेत जंगोम म्हणजे जागृती. ह्या तरुणांपाशी धनुष्यबाण, भाले, कुऱ्हाडी व थोड्याशा बंदुका होत्या. निजामाच्या मुलखाकडून आलेले काही रोहिले शिपाईही त्यांस मिळाले. पुढे अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव हे आपल्या माणसांनिशी त्यांच्या बाजूस आले, तेव्हा ह्या दोघांचे बळ बरेच वाढले.

इ. स. १८५८ च्या मार्च महिन्यात त्यांनी राजगड परगण्यावर चाल करून तो आपल्या ताब्यात घेतला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन ह्यांनी तत्काळ फौज पाठविली. ता. १३ मार्च रोजी नांदगाव घोसरीजवळ दोन्ही बाजूंची गाठ पडली, व तीत सरकारी फौजेस मागे सरावे लागले. त्यानंतर बाबूरावांनी गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आश्रय केला. खालून फौज चढू लागली असता त्यांच्या माणसांनी वरून मोठमोठे धोंडे लोटले, अशी आठवण त्या भागात अजून सांगतात. एप्रिलात सगणापूर व बामणपेठ येथे आणखी चकमकी झाल्या. कवायती फौजेपुढे रानातील अर्धशिक्षित तुकडी टिकते कशी, ह्याचे साहेबांस आश्चर्य वाटले असेल. परंतु तीत आश्चर्य ते काय? प्रत्येक नाला, प्रत्येक पायवाट आणि पाण्याचा प्रत्येक झरा ह्या लोकांच्या पायांखालचा होता, व गावोगावची माणसे त्यांस भाकर आणि बातमी देत होती.

आता आम्ही ह्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतो. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावरील लोकांचा तळ पडला होता. ता. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री बाबूराव व व्यंकटराव ह्यांच्या माणसांनी त्या तळावर हल्ला केला. त्यात गार्टलंड व हॉल नावाचे दोन इंग्रज नोकर ठार झाले. त्यांचा पीटर नावाचा सोबती कसाबसा निसटला व क्रिक्टन साहेबांपर्यंत जाऊन पोहोचला.

काही लेखक हा प्रसंग दोन ओळींत आटोपतात, तर काही त्यास केवळ पराक्रम म्हणून रंगवितात. आम्हांस ही दोन्ही प्रकारची रीत बरी वाटत नाही. तारायंत्र हे त्या वेळी सरकारच्या हातातील मोठे हत्यार होते, व तारेने बातमी फौजेच्या कितीतरी आधी धावे, हे बाबूराव जाणून होते. तो तळ मोडणे हा त्यांच्या दृष्टीने लढाईचाच भाग होता. तथापि जे दोघे मेले ते खांब रोवणारे व तार ओढणारे पगारी नोकर होते. त्यांनी कोणाची जमीन घेतली नव्हती. त्यांचीही कोठेतरी आई असेल, आणि तिनेही मुलाच्या पत्राची वाट पाहिली असेल. शूर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या हातून सांडलेले रक्त झाकून ठेविल्याने त्याचा मान वाढत नाही; उलट मुलांस अर्धे सत्य सांगितल्याचा दोष मात्र सांगणाऱ्याच्या माथी येतो.

ह्या घटनेनंतर सरकारने बाबूरावांस पकडण्याचा निर्धार केला. त्यांच्यावर इनाम लावण्यात आले. परंतु फौजेस रान आवरेना, म्हणून क्रिक्टन साहेबांनी दुसरा मार्ग धरिला. त्यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई ह्यांच्यावर दडपण आणिले. त्या स्वतः गोंड होत्या, व मोलमपल्ली त्यांच्याच हाताखालची होती. बंडखोरास धरून दिले नाही तर आपल्यासही सरकारचा रोष भोगावा लागेल, हे त्या समजून चुकल्या. त्यांच्या माणसांनी बाबूरावांचा माग काढला. भोपालपट्टणम येथे बाबूराव एकदा हाती लागले, परंतु पहाऱ्यातून निसटले. शेवटी ता. १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पुन्हा धरले गेले व इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आले.

लक्ष्मीबाईंस पुढे व्यंकटरावांच्या जप्त झालेल्या जमीनदारीचा मुलूख बक्षीस मिळाला. लोक त्यांस दूषण देतात, व ते स्वाभाविक आहे. परंतु जो मनुष्य आपले घर व गावे वाचविण्याकरिता भावास धरून देतो, त्याच्या भीतीचाही विचार करावा असे आम्हांस वाटते. जे राज्य भावाकडून भावास धरविते ते दोघांचाही नाश करिते: एकाचा प्राण जातो, आणि दुसऱ्याचे नाव जाते.

चांद्यास बाबूरावांची चौकशी झाली व त्यांस मृत्यूची शिक्षा फर्माविण्यात आली. ता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात एका पिंपळाच्या झाडास त्यांस फाशी देण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या गळ्यातील दोर वारंवार तुटला अशी एक कथा लोकांत चालत आलेली आहे. ती कथा इतिहास म्हणून नव्हे, तर लोकांच्या प्रेमाचे माप म्हणून ऐकावी. ज्याचा मृत्यू मनास सोसत नाही, त्याच्या गळ्यातील दोर लोकांच्या गोष्टीत तुटल्यावाचून राहत नाही. व्यंकटराव बस्तरच्या रानात निसटले होते. तेही इ. स. १८६० मध्ये पकडले गेले, व त्यांस जन्मठेपेची शिक्षा झाली.

बाबूरावांस फाशी दिल्यावर अकराव्या दिवशी, म्हणजे ता. १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरिया ह्यांचा जाहीरनामा हिंदुस्थानात वाचण्यात आला. कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाले, आणि जे बंडखोर शस्त्र खाली ठेवितील त्यांस क्षमेचे वचन देण्यात आले. मात्र ज्यांचा ब्रिटिश प्रजेच्या खुनात हात होता त्यांस ती क्षमा लागू नव्हती. तेव्हा हे अकरा दिवस अधिक मिळाले असते तरी चिंचगुंडीच्या रात्रीमुळे बाबूराव वाचले असते असे म्हणता येत नाही. परंतु एवढे खरे की, ज्या सरकारने नोव्हेंबरात रयतेच्या प्राचीन हक्कांचा व रीतिरिवाजांचा मान राखण्याची भाषा काढिली, त्याच सरकारने तीच गोष्ट चार वर्षे आधी चांद्याच्या रानात आचरून दाखविली असती, तर तो पिंपळ केवळ सावलीचे झाड राहिला असता.

आता अमेरिकेकडे वळू, म्हणजे आम्ही आरंभी दोन्ही गोष्टी सारख्या का म्हटल्या ते मुलांच्या ध्यानात येईल. अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचा प्रांत आहे. तेथे नदीकाठच्या रानात व गवताळ माळांवर डकोटा लोक राहत. इ. स. १८५१ मध्ये तहनाम्यांवर अंगठे घेऊन अमेरिकन सरकारने त्यांची बहुतेक जमीन घेतली. त्यांच्याकरिता नदीच्या दोन्ही काठांस एक चिंचोळी पट्टी राखून ठेविली होती. तीपैकी उत्तरेकडील अर्धी इ. स. १८५८ च्या तहाने गेली, म्हणजे ज्या वर्षी बाबूरावांस फाशी झाली त्याच वर्षी. जमिनीच्या मोबदल्यात दर वर्षी रोकड व धान्य देण्याचा करार होता, परंतु इ. स. १८६२ च्या उन्हाळ्यात, तिकडे यादवी युद्ध चालू असता, ती रोकड वेळेवर आली नाही, आणि व्यापारी उधारीवर अन्न देईनात. मुले उपाशी मरू लागली.

डकोटांचे पुढारी ताओयातेदुता ह्यांस लढाईचा परिणाम काय होणार हे ठाऊक होते, व प्रथम ते लढण्याच्या विरुद्ध होते. तरी शेवटी आपल्या तरुणांस सोडून मागे राहणे त्यांस जमले नाही. ऑगस्ट महिन्यात युद्ध पेटले, आणि काही आठवड्यांत शेकडो वसाहतवाले, त्यांत बायका व मुलेही, मारले गेले. पुढे डकोटांचा मोड झाल्यावर लष्करी न्यायसभेने ३०३ जणांस मृत्यूची शिक्षा ठोठाविली. कित्येक खटले काही मिनिटांतच आटोपले होते.

त्या वेळी लिंकन हे राष्ट्राध्यक्ष होते. मिनेसोटाचे बिशप हेन्री व्हिपल हे त्यांस जाऊन भेटले होते, व सरकारी अंमलदार आणि व्यापारी डकोटांची कशी लूट करितात हे त्यांनी उघड सांगितले होते. सभोवतालचे गोरे लोक सूडाकरिता ओरडत असता डकोटांवर दया करावी म्हणून बोलणे हे सोपे काम नव्हते. त्याबद्दल बिशपसाहेबांस स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. लिंकन ह्यांनी प्रत्येक खटल्याचे कागद तपासविले व बहुतेकांची फाशीची शिक्षा रद्द केली. तरीही ता. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकाटो गावी ३८ डकोटांस एकाच वेळी फाशी देण्यात आले. त्या देशात एका वेळी इतक्या माणसांस फाशी देण्याचा प्रसंग त्यापूर्वी आला नव्हता व नंतरही आलेला नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. एक मिनेसोटा नदीच्या काठची व दुसरी प्राणहितेच्या काठची. दोहोंत समुद्रांचे अंतर, आणि एका ठिकाणच्या लोकांनी दुसऱ्या ठिकाणच्यांचे नावही ऐकिलेले नव्हते. तरी क्रम एकच दिसतो. प्रथम न समजणाऱ्या भाषेतील कागद येतो. मग गाऱ्हाणे निर्माण होते. ते ऐकणारा कोणी भेटत नाही. मग रक्त सांडते, व त्यात ज्यांचा अपराध नाही अशांचेही सांडते. आणि सर्वांच्या शेवटी दोर येतो. आमच्या वाचकांस नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट पाठ आहे. त्या गोष्टीतही अन्यायाचा आरंभ एका पत्राने व शिक्क्यानेच झाला होता.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस एक गोष्ट सांगावीशी वाटते. गावात वाचता लिहिता येणारा मनुष्य म्हणून लोक तुमच्याकडे सात बारा, नोटीस, अर्ज घेऊन येतात, व पुष्कळदा तुम्हांस त्याचा कंटाळा येतो. हे आपले काम नव्हे, असे कोणी म्हणतो. परंतु त्या कागदाचा अर्थ नीट समजावून सांगणे, अर्ज लिहून देणे आणि तो योग्य टेबलापर्यंत नेणे ह्यांत गावाची केवढी शांती साठविलेली आहे, हे ह्या दोन चरित्रांवरून ध्यानात यावे. बाबूरावांस दोन्ही तीरांची भाषा कळत होती, परंतु त्यांच्या काळी त्या ज्ञानास दार उघडे नव्हते. आज दार अगदी सताड उघडे आहे असे आम्ही म्हणत नाही, पण कडी निघालेली आहे.

ह्याचा एक दाखला आपल्या जिल्ह्यातलाच आहे. इ. स. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचे लहानसे गोंड गाव आहे. तेथील ग्रामसभेने वर्षानुवर्षे एकत्र बसून, कायदा वाचून, नकाशे व पुरावे जमवून आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मागितला. इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तो इ. स. २००९ मध्ये त्यांस मिळाला, आणि इ. स. २०११ पासून तेथील बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभाच देऊ लागली. देशात असा हक्क सर्वांच्या आधी मिळविणाऱ्या गावांत ह्या गावाची गणना होते. तेथे एकही बाण सुटला नाही.

त्याच इ. स. २००९ च्या मार्च महिन्यात, १२ तारखेस, भारताच्या टपाल खात्याने बाबूरावांच्या स्मरणार्थ तिकीट काढिले. ज्यांनी सरकारी तारेचा तळ मोडिला होता, त्यांचे चित्र सरकारी टपालावर चढून खेड्यापाड्यांत फिरले. चंद्रपूरच्या तुरुंगातील पिंपळाजवळ दर वर्षी २१ ऑक्टोबर रोजी लोक जमून त्यांचे स्मरण करितात. आमच्या मंडळ्यांतील मुलांनीही त्या दिवशी हे चरित्र घरी मोठ्याने वाचून दाखवावे. बाबूरावांचे नाव घेताना गार्टलंड व हॉल ह्या दोघांची नावेही त्यांनी गाळू नयेत. आणि वाचून झाल्यावर, आपल्या गावात कोणाचे गाऱ्हाणे अजून न ऐकलेले पडले आहे काय, हे वडील माणसांस अवश्य विचारावे.